स्वयंपाकघर : कुणी आहे

गिमली, तळ्याकाठचं गाव, उणे एकतीस.
व्हॅनचं दार गोठून चिकटलेलं,
खांद्यानं रेटलं तेव्हा कुठे सुटलं.
तक्रार कॅल्गरीहून आलेली, मुलाची, क्यार्तनची :
'आईकडचा थर्मोस्टॅट गंडलाय.
दुपारी पार सोळावर उतरतो.
मी फोनवर बघतो ना सगळं.'

दार हाल्डोरानं उघडलं. वय सत्त्याऐंशी,
पायात दोन-दोन मोजे, अंगात नवऱ्याचा स्वेटर.
'आधी बूट काढ, ओरेस्ट,' म्हणाली, 'मग बोल.'

तळघरात भट्टी ठणठणीत. फिल्टर नवा.
भिंतीवरचा थर्मोस्टॅट
सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा गप्प.
सेन्सर तीन :
एक निजायच्या खोलीत,
एक वरच्या मजल्यावर, जिथे आता फक्त
मासेमारीची जुनी जाळी निजतात,
आणि एक इथे, डब्यांच्या फळीवर,
बत्ताशाएवढा, पांढरा.

मी समजावू लागलो,
जिथे माणूस तिथे ऊब, असा हिशेब आहे,
रिकाम्या खोलीसाठी गॅस जाळायचा नाही.
हा बत्तासा हालचाल बघतो, भिंतीला कळवतो.
'ठाऊक आहे,' ती म्हणाली. 'पण मी हलत नाही.'

जेवण झालं की ती खिडकीशी बसते.
तळ्यावर बर्फाला भोक पाडून
गळ टाकून बसलेल्यांच्या खोपटी मोजते.
रेडिओ बारीक, हात मांडीवर.
हलायचं कशाला?
चाळीस हिवाळे जाळी ओढली, बर्फ उपसला,
चार पोरांच्या मागे धावली,
आता बसली आहे.
अर्ध्या तासानं बत्तासा ठरवतो, इथे कुणी नाही.
निवांत माणूस त्याच्या लेखी माणूसच नव्हे.

'मिनिटाचं काम,' म्हटलं,
'हे माणसामागं फिरणं बंद करतो,
एकवीसवर कायम ठेवतो.
मग खुशाल दगड होऊन बसा.'

'नको.'

तिनं फळीकडे हात उंचावला
आणि टाटा केला,
धक्का सोडून चाललेल्या बोटीला करतात तसा.
थोड्या वेळानं खाली भट्टीनं घसा खाकरला.
'हे असं केलं की त्याच्या फोनवर येतं,
स्वयंपाकघर : कुणी आहे.
मग तो कामाला लागतो.
नाही केलं, की त्याचा फोन येतो.
आई, थंडी वाजतेय का? आई, काही बिघडलंय का?
मग इकडचं तिकडचं. नातीचे दात. पगार.
वीस मिनिटं बोलतो.'

'आणि तुम्ही विसरता कितीदा?'

तिनं कॉफी ओतली,
आलुबुखार भरलेल्या सात थरांच्या केकची वडी
माझ्या बशीत सरकवली.
'आठवड्यातून दोनदा. फार तर तीनदा.
त्याहून जास्त विसरलं
की तो तुझ्यासारख्याला पाठवतो.'

सोळाचं अठरा तेवढं केलं मी, तिला न विचारता.
बिलावर लिहिलं : दोष आढळला नाही.
अर्ध्या तासाचेच लावले,
येण्या-जाण्याचे सोडून दिले.

दाराशी बूट चढवताना पाहिलं,
ती खिडकीशी जाऊन बसलेली,
एक डोळा तळ्यावर, एक घड्याळावर.
बुधवार, दीड वाजलेला.
करंगळीसुद्धा हलत नव्हती.