पावतीबाहेरचे चार

तिमाही संपत आली की
निळा बर्फाचा डबा जीपमध्ये टाकून
मी पोळेंचा नाका ओलांडतो.
लोलयेच्या पठारावर काजूखालची मूठभर माती,
माशेंत शाणू वेळीपाकडून लिटरभर दूध,
आणि गालजीबागला, सुरूच्या सावलीत
पाटी पुढ्यात घेऊन बसलेल्या पिएदादकडून
दोन किलो बांगडे.

घासाघीस करायची नाही, असा नियम आहे.
पावती मागितली तेव्हा ती हसली होती :
‘माशांची पावती? सही कोण, दर्या करणार?’
मग अंगठा उमटवला.
त्या फायलीला अजून खवल्यांचा वास येतो.

डोंगरापलीकडची अणुभट्टी इथून दिसत नाही.
दिसतात तारा,
आणि पिएदादच्या खोपीत फिरणारा पंखा.

‘काय करतोस माझ्या माशांचं?’
सुकवतो. जाळतो.
चमचाभर राख शिशाच्या जाड भिंतीआड ठेवतो,
यंत्र रात्रभर कान लावून बसतं.
‘आणि खात कोणच नाही?’
कोणी नाही.
‘सायबा, एवढे ताजे!’

मी समजावू लागलो :
केळ्यात असतं, नारळात असतं, या वाळूत असतं,
तुझ्यामाझ्या हाडांतसुद्धा
जन्मापासून थोडी टिकटिक असतेच.
‘ती माझी टिकटिक,’ ती म्हणाली.
‘मी विचारते तिकडून आलेलीचं.’

तिकडून आलेलीपुढे अहवालात लिहिलं होतं :
शोधमर्यादेच्या खाली.
‘म्हणजे नाही?’
मी उगाच डब्यातला बर्फ सारखा करत राहिलो.
म्हणजे, पिएदादबाय, यंत्राला दिसलं नाही.
‘मग त्याला चष्मा कितीचा?’

यंत्रावर माझा विश्वास आहे.
दर सोमवारी मीच त्याची परीक्षा घेतो,
ओळखीचा कण समोर ठेवून,
आणि ते कधी नापास झालेलं नाही.
एकोणीस वर्षं तेच तीन शब्द टंकतोय.
मर्यादेच्या खाली काय,
याला तक्त्यात रकाना नाही.

‘तू खातोस काय माझे बांगडे?’
असं तिनं विचारलं त्या दिवसापासून
चार बांगडे पावतीबाहेरचे,
माझ्या पैशांनी, तिच्या डोळ्यांदेखत,
वेगळ्या पिशवीत.

प्रयोगशाळेच्या दाराशी मांजरं बसतात,
आत धूर, दोन किलोंचा.
घरी रवा लावून तव्यावर तेच मासे,
आणि धाकटी म्हणते, बाबा, काटे काढून दे.
मी काढतो. एकेक. फार वेळ लावून.
बायको म्हणते, एवढं काय शोधतोस?

गेल्या मार्चात पाटीमागे तिची सून होती, रेमेदिना.
पिएदाद इगर्जीमागच्या मातीत.
त्या मातीचा नमुना आमच्या यादीत नाही.
सुनेनं दोन किलो तोलले,
अंगठा नाही, झोकात सही केली.
मी म्हटलं, वर चार अजून.
‘आं, ते तुम्हीच होय?
मांय सांगून गेलीय,
चार मोजून दे,
आणि पिशवीला गाठ मारीपर्यंत
नजर काढू नको.’

तिनं नजर काढली नाही.
मी गाठ मारली.