तीन मीटरवर

मनगटावरचं हे यंत्र वेळही दाखवतं, कोपऱ्यात, बारीक.
मोठ्या आकड्यांत असतं ते निराळंच:
अंगात किती वायू मुरलाय
आणि तो निथळेपर्यंत
मी कुठे, किती मिनिटं लटकायचं.

इनास तुस्कानोकडे हे नव्हतं.
त्याच्याकडे प्लास्टिकात घातलेला तक्ता,
डोक्यात बेरजा,
आणि एकदा, एकदाच, चुकलेली वजाबाकी.
आता देवळात क्रूस काढताना
त्याचा उजवा हात कपाळापर्यंत जात नाही,
छातीपासून सुरू होतो.
"देव समजून घेतो," म्हणतो, "पाणी नाही घेत."
यंत्र त्यानंच घ्यायला लावलं मला. हप्त्यावर.

त्या दिवशी प्राँग्ज दीपगृहाच्या बऱ्याच पश्चिमेला,
चौतीस मीटर, तेलवाहिनीचा सांधा.
तळाशी गाळाचा अंधार, बोटं हेच डोळे.
वर यायला लागलो आणि शिडीवर पान्ह्याचे ठोके:
तीन. थांबून तीन.
घरचा निरोप असला तर असे, आमचं ठरलेलं.
पहाटेच वाडियात नेलं होतं तिला.

तीन मीटरवर मनगट थरथरलं.
थांब. नऊ मिनिटं.

रेग्युलेटर दातांत धरून शिव्या देता येत नाहीत,
नुसते बुडबुडे जातात वर,
माझ्या आधी.
होडीचं काळं पोट डोक्यावर होतं,
दोन वल्ह्यांच्या अंतरावर.
यंत्राला काय ठाऊक वाडिया, काय ठाऊक बायको!
आठ.
दोरावरचं शेवाळ नखानं खरवडलं.
एक जेलीफिश आली, चौकशी न करता गेली.
आठच अजून.
सात.
उजवा हात वर केला, कपाळाला लावून पाहिला.
लागला.
मग दोर सोडला नाही.

भाऊच्या धक्क्याला लागेस्तोवर दोन वाजले.
नर्स म्हणाली, मुलगी. अकरा बेचाळीसला. उशीर केलात.
अंगाला डिझेलचा वास, म्हणून हातात दिली नाही.

रात्री शिवडीला घरी एकटाच होतो.
यंत्रातली नोंद उघडली, बुडीची रेघ बोटानं मागे नेली.
अकरा बेचाळीस:
तीन पूर्णांक एक मीटर,
पाणी सत्तावीस अंश,
उरलेली मिनिटं पाच.

यंत्र आता जुनं झालंय, पट्टा दोनदा बदलला.
रिया विचारते, मी झाले तेव्हा तू कुठे होतास?
तिच्या दाखल्यावर तारीख आहे, वेळ आहे,
बापाचं नाव आहे, त्यात एक वेलांटी चुकलेली.
खोली नाही.
ती मी जपून ठेवलीय.