थंड लोखंड

नावं विसरतो हल्ली. भुवया विसरत नाही.
एल्रॉय टॉलिव्हरची डावी, कडेला, हाडावरच फाटायची,
पिकल्या अंजिरासारखी, हात लागायचा अवकाश.
कॉर्नेलियस बग्जची कातडी मात्र जोड्याच्या चामड्याची.
तो फुटायचा आतून, आणि रक्त गिळून टाकायचा
मला न सांगता.
डिनीनला नाक नव्हतंच म्हणा,
नाकाचा पत्ता होता नुसता.

मी कोपऱ्यातला माणूस. बादलीशेजारचा.
कापसाच्या काड्या कानामागे, व्हॅसलीन मनगटावर थापलेलं,
आणि बर्फात बुडवलेला लोखंडाचा एक तुकडा,
इस्त्रीच्या पोराएवढा.
सूज आली की तो दाबायचा. दुखतं का, विचारायचं नाही.
घंटा ते घंटा साठ सेकंद.
दहा स्टुलावर बसवण्यात जायचे, दहा उठवण्यात.
उरलेल्या चाळिसात
दोनशे वीस पौंडांच्या माणसाला
समोरचा माणूस पुन्हा दिसला पाहिजे.
परवा हिशेब केला, झोप येत नव्हती म्हणून:
चौतीस वर्षांत माझं काम
साडेआठ दिवस भरलं. जेमतेम.

यंग्सटाऊनचं आभाळ तेव्हा रात्रीही लाल असायचं.
भट्टीवरून सुटलेली माणसं, डबे तसेच हातात,
सेंट सिरिलच्या हॉलमध्ये यायची.
स्लोव्हाक दाराकडे, इटालियन खिडक्यांकडे,
काळे मागच्या बाकांवर.
टॉलिव्हरनं उजवा हाणला
की तिन्हीकडून एकच आवाज उठायचा.
बाहेर पायऱ्यांवर आले की पुन्हा तीन.

हेवीवेट आम्ही घडवले नाहीत. भट्टीनं घडवले.
टॉलिव्हर अलाबामाहून आला तो फावडं मारायला;
खांदे आधी आले, ग्लोव्हज मागून.
मग एका सोमवारी फाटकाला कुलूप लागलं.
त्या शुक्रवारी हॉल भरला होता,
पण तिकिटं फुकट वाटलेली.

कुणी म्हणतं टीव्हीनं मारलं बॉक्सिंगला,
कुणी म्हणतं, वेगळे पैसे घेणाऱ्या चॅनेलनं,
चार पट्टे आणि चार चॅम्पियन, एकाचंही नाव न्हाव्याला माहीत नाही.
आता पिंजऱ्यात लढतात, पडलेल्यालाही मारतात.
डॉक्टर मेंदूचे फोटो उजेडावर धरून म्हणाले,
बरंच झालं.
सगळे खरं बोलतात.
माझा नातू रॅडेक सहा फूट चार, दार भरून उभा राहतो.
तो फुटबॉलला गेला तेव्हा त्याच्या आईनं सुटकेचा श्वास टाकला.
मीही टाकला, तिच्या मागे उभा राहून,
तिला ऐकू जाणार नाही असा.

त्या हॉलमध्ये आता गाद्या विकतात.
मागच्या महिन्यात एकीवर आडवा झालो.
सेल्समनला वाटलं, गिऱ्हाईक.
पडलेल्यांना जे छत दिसायचं
ते मी पहिल्यांदा पाहिलं:
पत्र्यावर नक्षी आहे. द्राक्षांचे घड.
इतकी माणसं तिथं पडली,
एकानंही कधी सांगितलं नाही.

रविवारी टॉलिव्हरकडे जातो, नर्सिंग होममध्ये.
बायको गेलेली त्याला दर वेळी नव्यानं कळते,
म्हणून आता कुणी सांगत नाही.
शर्टाची बटणं मी लावतो.
डाव्या भुवईवर अंगठा ठेवला
की हनुवटी वर करतो, डोळे मिटतो,
हात मांडीवर सैल सोडतो
आणि विचारतो, "कितवी?"
"सातवी."
सातवीपर्यंत तो पुढे होता, तिन्ही पंचांच्या कागदावर.
"डोळा?"
"ठीक आहे डोळा."
लोखंड खिशात असतं माझ्या,
अंगाच्या उबेनं कोमट झालेलं.
तरी लावतो.