दोन पौंडांना परत

डिसेंबरचा तिसरा शनिवार, हडर्सफील्ड.
वरून पडतंय ते धड पाऊस नाही, धड बर्फ नाही.
यादी खिशात आहे, औषधाच्या चिठ्ठीमागे लिहिलेली.
दवाखान्याच्या औषधविभागात तेवीस वर्षं काढली की
पुस्तकंही तशीच सुचतात:
कुणाला काय, केवढं, आणि कशासोबत चालणार नाही.

केरीला, सुनेला, खुनाची कादंबरी.
पण मेलेली बाई नको.
कांदा चिरता चिरता म्हणाली होती एकदा,
दर वेळी बायकाच का मरतात?
अर्धा तास मागची पानं वाचत उभी राहिले.
शेवटी एक बँक मॅनेजर सापडला,
पहिल्याच प्रकरणात, तळ्यात, बुटांसकट.
घेतला.

तनयाला नऊ पुरी झाली. तिला गोष्टी नकोत, खरं हवं.
आतडं किती फूट, कोळ्याला डोळे किती.
तिचं काम सोपं.

फिलोमिना माझ्यासोबत गोळ्या मोजते.
पुस्तकं वाचत नाही म्हणते,
आणि डबा खाताना पाककृती वाचते पहिल्या पानापासून,
मध्येच कपाळाला हात लावते,
"बघ, आता हा मेला साखर घालणार!"
तिला एक जाडजूड, बेकिंगचं.
भांडायला वर्षभर पुरेल.

निनादपाशी अडतं.
मराठी वाचताना त्याचे ओठ हलतात,
पहिलीतल्या मुलासारखे,
आणि मी उगाच दुसरीकडे बघते.
त्याला यंदाही मोजे.

मग पाय गारठले म्हणून शिरले
हृदयरोगवाल्यांच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात.
तिथे, खालच्या फळीवर, बशांच्या शेजारी,
राखाडी पाठीचं, कबुतरांवरचं एक.
उघडलं तर आत माझंच अक्षर:
मिस्टर ओल्ड्रॉइड यांना, नाताळ, नऊ नंबरकडून.

दुसऱ्याच्या हाती गेलेलं पुस्तक गेलंच समजा,
असं आमचे मास्तर सांगत.
मास्तरांना हडर्सफील्ड माहीत नव्हतं.

चाळीस वर्षं शर्यतीची कबुतरं पाळली त्यांनी,
आमच्या कुंपणापलीकडे, हिरव्या खोपटात.
सप्टेंबरात गेले.
हलहून मुलगी आली व्हॅन घेऊन,
दोन दिवसांत घर मोकळं.
मी विचारलं होतं तेव्हा, कसं वाटलं पुस्तक?
"वाईट नाही," म्हणाले.
इकडे याच्यावरची पदवी कुणी देत नाही.

आता बघते तर समासात पेन्सिल.
पान सतरा: चूक.
पान चाळीस: कोण म्हणतो?
पान एकसष्ट: बेटी वादळातून आली. तीन दिवसांनी.
बेटी बायको की कबुतर,
इतकी वर्षं शेजारी राहून मला माहीत नाही.
आणि पान अठ्ठ्याऐंशी, दाण्यापाण्याचं,
तिथे मसुरापुढे एक रेघ, आणि
नऊ नंबरला विचारायचं.

बस्स. पुढे काही नाही.

त्यानंतर कितीदा भेटलो असू आम्ही,
कचऱ्याचे डबे बाहेर काढताना,
हवेबद्दल बोललो, कौन्सिलला शिव्या घातल्या.
मसुराचं नाव निघालं नाही.
संकोचले असतील. विसरले असतील.
किंवा मीच घाईत असेन, ड्यूटीवर जायच्या.

गल्ल्यावरच्या ग्लेनिसबाईंनी पानं चाळली.
"कुणीतरी लिहून ठेवलंय सगळीकडे.
पन्नास पेन्स कमी करू का?"
नको म्हटलं. पूर्ण घ्या.
"गिफ्ट आहे? कागद देऊ?"
त्यालाही नको म्हटलं.

बसमध्ये बाकीची पिशवीत, हे मांडीवर.
लिंडलीच्या चढावर काच पुसली,
बाहेर काही दिसत नव्हतं तरी.
भिजवायचे, मिस्टर ओल्ड्रॉइड.
रात्रभर. सकाळी निथळायचे,
आणि पाणी फेकायचं नाही, झाडांना घालायचं.