वाचकसंख्या

आमचं वाचनालय ड वर्गातलं.
राइस मिलच्या भिंतीला भिंत, म्हणून
कपाट पुसलं की तासाभरात
पुस्तकांवर पुन्हा कोंड्याची साय.

अनुदान येतं तेव्हा येतं,
पण वाचक रोज लागतात
वहीत, सहीसकट.
खरे येतात चार. दोघं पेपरला, एक पंख्याला,
आणि मिलमधला पोरगा शब्दकोडं सोडवायला,
तेही पेनानं.

उरलेल्यांच्या सह्या मी करते.
रुशी उरकुडेची डाव्या हातानं, तो डावखुरा.
फुलवंता गहाणेची थांबत थांबत, अनुस्वार विसरून.
पहिल्या वर्षी झोप लागायची नाही.
मग एक तोड काढली:
ज्याची सही केली, त्याच्या वाट्याचं आपण वाचायचं.

सोमवारी मी रुशी उरकुडे असते.
शेतीचं पाक्षिक, धानावरचा तुडतुडा, पान नऊ ते अकरा.
बांधावर गाठून त्याला सांगितलं तर म्हणाला,
"बाई, तुमाले कोनं सांगतलं?"
तूच वाचलंस, मी म्हटलं.

मंगळवारी फुलवंता.
वाटलं होतं, पाककृतींचं मासिक घेईल.
पण तिच्या नावानं बसले की हात जातो
समुद्रावरच्या त्या जाड पुस्तकाकडे.
वैनगंगेपेक्षा मोठं पाणी तिनं पाहिलं नाही, मीही नाही.
देवमाशाचं काळीज धानाच्या ढोलीएवढं असतं
हे तिनं वाचलं, आणि रात्री
सांगायला मला कोणी नव्हतं.

बुधवार सायत्रा मास्तरणीचा. जुने दिवाळी अंक.
ती फाल्गुनात गेली.
वहीत मी तिला महिनाभर जास्त ठेवली,
अर्धवट कादंबरी संपेस्तोवर.
मग नाव कापलं. पेन्सिलीनं.

शुक्रवार डोमाजी भानारकरचा.
डोंगा चालवायचा; पूल झाल्यापासून
पुलाखाली झिंगे धरतो.
त्याच्या नावे एक रहस्यकथा लावली,
शहरातली, खून लिफ्टमध्ये.
त्याची सही मी जरा जास्तच वळणदार करत आले.

साहेब आले ते गुरुवारी, बाजाराच्या दिवशी.
वही चाळता चाळता बोट थांबलं.
"हे भानारकर कोण?"
भानारकर दारातच होता, सावलीपुरता टेकलेला,
टोपलीवर ओलं फडकं.
"काय वाचता आजकाल?"

वीज तेवढ्यात गेली. मिल बंद पडली,
आणि गावात एवढी शांतता असते
हे मला माहीत नव्हतं.
डोमाजीनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.
टोपली खाली ठेवली, हात धोतराला पुसले.
"अर्धं झालं जी," म्हणाला,
"शेवट सांगू नोका."

साहेब हसले. शिक्का मारला.
पावशेर झिंगे नेले,
पैसे देऊन नेले, तेही लिहायला हवं.

दुसऱ्या दिवशी डोमाजी आला. पाय धुऊन.
वही मागितली. आपली सही कुठली ते विचारलं,
त्याला अक्षर येत नाही.
मी बोट ठेवलं. खूप वेळ पाहत राहिला,
पाणी किती खोल असेल ते पाहावं तसा.
"हा मी?"
"हो."
"बरा लिवतो."

मग भिंतीला टेकून बसला. "हं. वाचा."
मी पुस्तक काढलं, कोंडा झटकला, पहिलं पान उघडलं.
"नाई जी. अर्ध्यापासून.
अर्धं झालं म्हन्लो ना साहेबाले."

म्हणून पान चौऱ्याण्णव.
खून होऊन गेलेला. कोणाचा, ते मागे राहिलं.
लिफ्ट चौथ्या मजल्यावर अडकते.
लिफ्ट म्हणजे काय ते मी सांगू लागले तर
त्यानं डोळे मिटूनच हात वर केला:
"तुमी वाचा. ठावूक आहे मले."