नाहीतर

जळगावच्या एमआयडीसीत, डाळमिलच्या फाटकाशी
सुपडूआप्पांची लोखंडी खुर्ची, आणि तिच्या शेजारी
पंधरा दिवसांसाठी मांडलेली माझी प्लास्टिकची.
काम सोपं होतं. आप्पांना विचारायचं,
हा ट्रक का घेतला, तो का परत पाठवला,
आणि उत्तर "जर" नि "तर" यांच्या मधे बसवायचं.

जर ओल बारा टक्क्यांच्या वर
तर क्विंटलमागे घट धरा.
जर डंकी दाणे मुठीत सातपेक्षा जास्त
तर परखी पुन्हा मारा, या वेळी तळच्या पोत्यात,
कारण वरची पोती, आप्पा म्हणाले,
लग्नातल्या पहिल्या पंगतीसारखी असतात.
(हे मी नियमात घेतलं नाही.)

चौथ्या दिवशी विचारलं, ओल किती हे तुम्हाला कळतं कसं,
यंत्र तर कालच आलं.
त्यांनी तुरीचा एक दाणा दाढेखाली धरला.
कट्.
"मन्हा दातले इचार."
मी दाताला न विचारता यंत्राची तार जोडली.
अकरा पूर्णांक नऊ.
आप्पा तोवर पुढच्या ट्रककडे गेले होते.

नियम एकशे त्रेचाळीस झाले.
एकतिसावा म्हणे घ्या, अठ्ठावन्नावा म्हणे नका,
दोघे एकाच तुरीच्या अंगावर धावले
आणि सॉफ्टवेअरने मला विचारलं: आधी कुणाचं ऐकू?
मी आप्पांकडे बघितलं.
आप्पांनी ड्रायव्हरच्या चपलांकडे.
चपलांना चिखल. म्हणजे वाटेत पाणी लागलंय,
ताडपत्रीचं तो काहीही सांगो.
चपलांसाठी माझ्याकडे रकाना नव्हता.

मग तपासणी. मागच्या तीन महिन्यांचे ट्रक
पुन्हा एकदा, नुसत्या आकड्यांत, फाटकातून आत घेतले.
चारशे बारापैकी चारशे एकांवर
यंत्राचं आणि आप्पांचं एकमत.
उरले अकरा. अकराही एकाच आठवड्यातले,
अकराही ओले, अकराही आप्पांनी घेतलेले.
परागशेठचा चेहरा बारीक झाला.
काय काय येतं माणसाच्या मनात,
पाकीट, पाव्हणे, गाव.
मी तारखा घेऊन खुर्चीशी गेले.
आप्पांनी बोटाने गाल ओढून दाखवला:
डावीकडे, पार मागे, एक रिकामी जागा.
"दाढ काढेल व्हती."
आठवडाभर त्यांनी उजवीकडून तूर फोडली होती
आणि उजवी दाढ, म्हणे, पहिल्यापासूनच भोळी.

आता रात्री अडीचलाही निर्णय होतो.
अकोटहून आलेल्या ड्रायव्हरला चार सेकंदांत चिठ्ठी मिळते,
आप्पा उठेपर्यंत चाकाला टेकून झोपावं लागत नाही.
हे चांगलं आहे. कुणी विचारलं तर मी असंच सांगते
आणि खोटं सांगत नाही.

फक्त शेवटचा नियम मी लिहिला तो असा:
वरचं काही लागू पडलं तर ते,
नाहीतर आप्पांना विचारा.
तात्पुरता होता.
तात्पुरतं तेच टिकतं.

दीड वर्षाने, आप्पा घरी बसल्यावर,
एका पहाटे तो नियम जागा झाला.
गुलबर्ग्याचा माल, आकडे सगळे सरळ,
पण वाण यंत्राच्या यादीत नाही.
पडद्यावर आप्पांचं नाव, खाली पिंप्राळ्यातला नंबर.
मी नेमकी फाटकाशी, दुसऱ्याच कामाला आलेली.
तिसऱ्या रिंगला उचलला.
सगळं ऐकून घेतलं. खोकले.
"आते कवळी शे, माय.
तुन्हा दातले इचार."

इंजिन चालूच होतं. ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता,
मी त्याच्या चपलांकडे.
कोरड्या होत्या.
मुठीतला एक दाणा उचलला,
डाव्या दाढेखाली धरला
आणि पहिल्यांदा कळलं, की इंजिन बंद करायला सांगावं लागतं.