काज

ग्वाल्हेरला, लष्करात, दौलतगंजाच्या मागच्या गल्लीत
आमच्या वर्गात डिसेंबरात चार मुलं उरतात.
बाकीची खाली उन्हात, गजकच्या गाडीपाशी.
मी फळ्यावर तीन शब्द लिहिते, तीस वर्षं लिहिते आहे:
व्यक्तिरेखा. संघर्ष. आशयसूत्र.
तिसऱ्यापर्यंत येताना खडू झिजलेला असतो,
म्हणून तो नेहमी जरा फिकट उमटतो.

कथा जुनी. साडेचार पानं.
एक शिंपी एका साहेबासाठी कोट शिवतो,
सात बटणांचा.
साहेबाची बदली होते. कोट खुंटीवर.
शिंपी तो विकत नाही, उसवत नाही,
दर दसऱ्याला उतरवून ब्रश मारतो.
बस, एवढंच.
बायको अख्ख्या कथेत एकदाच बोलते:
"दिवा मालवू का?"

या दिव्यावर मी काय काय नाही शिकवलं!
दिवा म्हणजे आशा. दिवा म्हणजे कारागिराचा मान.
मालवणं म्हणजे एका काळाचा अस्त,
आणि 'अस्त'खाली दोन रेघा.
संघर्ष: माणूस विरुद्ध सत्ता.
शितोळ्यांचा यशोधन हे घडाघडा म्हणतो.
त्याच्या आईनेही माझ्याच वहीतून पाठ केलं होतं.

प्रीती कुशवाह मागच्या बाकावर.
दुसरीकडच्या जागा भरल्या म्हणून मराठीत आलेली,
अजून 'ळ' म्हणताना जीभ कुठे ठेवावी ते शोधते.
ती म्हणाली,
"मॅडम, काज कोणी केले?"
"कसलं काज?"
"बटणं सात आहेत ना. तर काज पण सात लागणार.
आमच्याकडे मास्टर काज नाही करत.
मास्टर कापतो, मशीन मारतो, दुकान बंद करतो.
काज घरी येतात. मम्मी करते. रात्री."
एका काजाचा भावही तिने सांगितला.
यशोधन हसला. मग भाव ऐकून थांबला.

मी पानं उलटली.
कात्री आहे. अंगुस्तान आहे.
साहेबाचे बूट आहेत, बुटांवरच्या चिखलाला तीन ओळी आहेत.
काज नाही.

"म्हणून ती विचारते, दिवा मालवू का,"
प्रीती म्हणाली,
"तिचं काम झालं असेल."

खिडकीतून किल्ल्याची भिंत दिसत होती,
नेहमीसारखी, कशातच न पडणारी.
मी म्हटलं, "बरोबर आहे. पण परीक्षेत हे लिहू नकोस.
पेपर बाहेर जातात. तपासणारे तीन मुद्दे मोजतात."
तिने मान डोलावली
आणि वहीत नीट उतरवून घेतलं:
हे लिहायचं नाही.

सराव परीक्षेत तिने तेच लिहिलं.
संघर्ष: डोळे विरुद्ध कोट.
आशयसूत्र: कोट कोणाचा ते ठरल्यावर सांगते.
दहापैकी मी चार दिले.
चहा केला. चहा निवला.
चाराचे सात केले,
आणि खाडाखोड केली की सही करावी लागते,
म्हणून शेजारी सही केली.
तीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं,
या सहीखाली काहीतरी आहे.

संध्याकाळी जयेंद्रगंजातून चालत घरी.
थंडी हाडांत शिरणारी.
माझा कोट चोविसाव्या वर्षी शिवलेला;
मास्टरांचं नाव अजून आठवतं,
नया बाजारातली पायरी, त्यांची मिशी, त्यांचा खोकला,
सगळं आठवतं.

दिव्याच्या खांबाखाली थांबले.
वरचं बटण काढून काजात बोट घातलं.
दोऱ्याला दोरा चिकटलेला, मुंग्यांच्या रांगेसारखा.
दुसरं काज तसंच.
तिसऱ्यात मधेच एक गाठ,
आणि तिथून पुढे दोरा वेगळा, किंचित काळपट.

इथे ती उठली होती.
कशासाठी, ते साडेचार पानांत नाही.
मग परत येऊन बसली होती.